नेमून दिलेलं काम

चंपाबाईनं नाळेला दोन ठिकाणी दोरा घट्ट बांधला, उकळलेलं पातं परातीत ठेवलं आणि हात मागं घेतले.

बाळ रडत होतं. आशाबाई डोळे मिटून पडली होती, पण तिचा श्वास सरळ चालला होता. दोघं सुखरूप होती. आता फक्त नाळ कापायची राहिली होती, आणि चंपाबाई भिंतीला टेकून समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती. सकाळपासून कळांच्या मधल्या वेळात ती तेच बघत होती. शहागंजच्या कापडवाल्यानं दिलेलं कॅलेंडर. शेषावर विष्णू पहुडलेला, त्याच्या बेंबीतून लांब देठ निघालेला, देठाच्या टोकाला कमळात चार तोंडांचा ब्रह्मदेव.

आशाबाईच्या सासूनं, दगडाबाईनं, दोनदा सांगून पाहिलं. चंपाबाई हलली नाही. या घरातल्या बाईनं नाळ कधी कापली नव्हती. तो विटाळ. दगडाबाईच्या चारही बाळंतपणांत ते काम चंपाबाईनंच केलं होतं.

आणि याच घराच्या मालकानं, सर्जेराव पाटलांनी, बावीस दिवसांपूर्वी तिच्या वस्तीला विहीर बंद केली होती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि तिचा पोरगा पुंजाराम चिकलठाण्याच्या कारखान्यातून सुटून क्रांती चौकातल्या मोर्चात जाऊन उभा राहिला, एवढंच निमित्त. विहिरीपाठोपाठ गिरणी बंद, दुकान बंद. वस्तीतली लेकरं भिजवलेली ज्वारी चावत होती.

चंपाबाई चावडीवर हात जोडायला गेली, तेव्हा पाटील सगळ्यांदेखत म्हणाले होते, चंपे, ब्रह्मदेवानं आम्हाला बाहूंतून काढलं आणि तुम्हाला पायातून, तेव्हा पायाशीच राहा. लोक हसले होते. लाज कशी वाटली नाही कुणाला? हसणाऱ्यांतले निम्मे तिच्याच हातावर जन्मले होते.

आज पहाटे पाटलांच्या सुनेला कळा लागल्या. घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर नामांतराच्या विरोधात पैठण रस्त्यावर दगड आडवे टाकलेले, आणि टाकणारे पाटलांचेच लोक. मग पाटील स्वतः वस्तीच्या तोंडाशी आले. चंपेची चंपाबाई झाली. ती आली ती आशाबाईसाठी. त्या पोरीनं कुणाचं काय केलं होतं? तरी तिला गोठ्याच्या दारानं आत घेतलं आणि हातावर पाणी ओतलं ते चार बोटं वरून.

दाराला लुगड्याचा पडदा होता. पडद्यापलीकडून पाटलांनी विचारलं, का अडून बसलीस, काय पाहिजे. चंपाबाईनं सांगितलं, चावडीवर जे बोललात ते इथं नातवासमोर पुन्हा बोला, मग कापते.

पाटलांनी ते टाळलं. मग म्हणाले, विहीर, गिरणी, दुकान आजच उघडतो. तिथंच थांबले असते तर चंपाबाईनं पातं उचललंही असतं. पण पाटीलकी आड आली.

"पण हे काम तुमचंच हाय, चंपाबाई. ब्रह्मदेवानंच नेमून दिलंय. आम्ही काय ठरवलं नाय ते."

चंपाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पातं उचललं आणि दगडाबाईच्या हातात ठेवलं. दोन गाठींच्या मधे बोट टेकवून जागा दाखवली. दगडाबाईनं नाळ कापली. बाळाला आशाबाईच्या कुशीत देऊन चंपाबाई उठली. गोठ्याकडे न जाता तिनं पडदा बाजूला सारला आणि ओसरीवर पाटलांसमोर येऊन उभी राहिली.

"कॅलेंडरातला तुमचा ब्रह्मदेव सकाळधरनं बघते, पाटील. त्याची नाळ अजून बेंबीलाच हाय. जो सोता सुटा झाला नाय, तो आमाला काम नेमून देणार व्हय?"