मिठाचं मीटर

रक्ताची तपासणी वाया गेली हे कळल्यावर तोकुए घरी गेलीच नाही. नवऱ्याला, शिन्साकूला, दंडाला धरून ती तडक गावातल्या ओनोदेरा डॉक्टरांच्या दवाखान्यात आली.

आकिता शहरातल्या डॉक्टरणीने सगळं नीट समजावलं होतं. मूत्रपिंडावर एक इवलीशी ग्रंथी असते. तिचं हार्मोन वाढल्यामुळेच शिन्साकूचा रक्तदाब चढत असावा. पण ओनोदेरांची रोजची गोळी त्या हार्मोनचा खरा आकडा झाकते, म्हणून सहा आठवडे ती बंद आणि बदली गोळी चालू. शिन्साकूने मान डोलावली होती, आणि गुपचूप दोन्ही गोळ्या घेतल्या होत्या. का, तर ओनोदेरा दर महिन्याला उरलेल्या गोळ्या मोजतात. एकोणीस वर्षं त्यांचं औषध घेतलेलं, आता दुसरीकडे गेलो हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"त्यांना वाईट वाटलं असतं," तो गाडीत म्हणाला होता.

"आणि तुमचं हृदय सुजलंय, त्याचं वाईट कोणी वाटून घ्यायचं?"

तपासणीची पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली होती. तोकुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. महिला मंडळातर्फे घरोघरी जाऊन लोकांच्या मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट सारात खारटपणा मोजायचं मिठाचं मीटर बुडवणारी ती. तिच्याच नवऱ्याचा दाब उतरेना, तेव्हा बायका तिच्याच पातेल्याकडे संशयाने बघायच्या. आईकडून आलेलं मुळ्याच्या लोणच्याचं पिंपसुद्धा तिने शेजारणीला देऊन टाकलं. एकोणीस वर्षं दोघांनी पाणचट सार गिळलं.

ओनोदेरांनी नेहमीसारखा दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि मान हलवली. "जास्तच आहे. बाई, जरा मिठाकडे लक्ष द्या."

मीटर तिच्या पिशवीत कायम असायचं. तिने ते काढून टेबलावर ठेवलं.

"मीठ मी एकोणीस वर्षं मोजतेय, डॉक्टर. तुम्ही दाब आणि गोळ्या सोडून काय मोजलंत?"

ओनोदेरांचं पेन कागदावरच थांबलं. शिन्साकू घाईघाईने उठला आणि तिच्या वतीने माफी मागायला कमरेत वाकू लागला.

तोकुएने मागून त्याची कॉलर धरली आणि त्याला सरळ उभं केलं.