खिडकीतली छत्री

लकवा मारल्यापासून कुमुदिनीचा जीव रमायचा तो खाटेजवळच्या खिडकीत. खालून भाजीवाली हात करायची, शाळेला निघालेल्या पोरी हसायच्या.

तिला करमावं म्हणून नवऱ्याने, दिगंबरने, जुना टीव्ही आणि फुकट चॅनलांची छत्री आणली. सोसायटी गच्चीवर लावू देईना, म्हणून घाम गाळून त्याने ती खिडकीच्या गजांनाच बाहेरून आवळली. चित्र लख्ख उमटलं, पण अख्खा रस्ता छत्रीआड गेला.

"महिन्याच्या रिचार्जची कटकटच नाही! खूश ना?" कित्येक महिन्यांनी तो असा हसत होता.

लुळ्या जिभेत सगळं बळ एकवटून ती म्हणाली, "अहो... खिडकी..."

"गार वारा लागतोय होय?" त्याने मायेने खिडकी लावून घेतली, तिच्या अंगावर शाल घातली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.