मधलं प्लायवूड

दोघं भाऊ शिंपी. भांडण झालं तेव्हा वडिलांच्या दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभं केलं आणि अबोला धरला. तेव्हापासून एकमेकांच्या मशीनचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

हल्ली पलीकडची मशीन बंदच होती. डॉक्टरांनी हात टेकून दादाला घरी पाठवलंय, हे धाकट्याच्या कानावर आलं होतं. तरी त्याचे पाय काही दादाच्या घराकडे वळले नाहीत.

आज सकाळी प्लायवूड करकरलं. धाकटा धावत पलीकडे गेला. बघतो तर दादा, नुसता हाडांचा सापळा, भिंतीला टेकून प्लायवूडचे स्क्रू काढतोय.

"दादा, तुला उभं राहवत नाहीये. ठेव ते. आपलं काय असेल ते वर गेल्यावर मिटेल. आई आहे तिथे, ती मिटवेल."

"वर कोणी नाही. जन्मभर हेच सांगत आलो, आता मरणाला भिऊन शब्द फिरवू? तिथे कोणी मिटवणारं असतं, तर इथे कशाला आलो असतो मरायला?"

दादाने स्क्रूड्रायव्हर धाकट्याच्या हातात दिला.

"तो खालचा तेवढा तू काढ. मला वाकवत नाही."