मुक्ताबाईच्या गुलाबाची काडी

"तिसऱ्यांदा मागायचं म्हणजे मलाच ओशाळल्यासारखं होतंय," परसदारात टेकत सुनीतीबाई म्हणाल्या. "दोन्ही काड्या वाळल्या माझ्या. माझा हातच वाईट दिसतोय."

"हात कशाला वाईट आसंल? त्याच हातानं लावलेला मोगरा गच्च फुलतोय की तुमचा," मुक्ताबाई म्हणाली. "आत्ता ऊन हाय. सांच्याला काडी काढते आन् इजूबरुबर पाठविते."

सुनीतीबाई शाळामास्तरांच्या पत्नी. त्यांच्याकडं नाना तऱ्हेची फुलझाडं होती, पण हा गुलाब नव्हता. तो अख्ख्या बेलापुरात कुणाकडंच नव्हता. कमरेएवढं काटेरी झुडूप, वर्षभर नुसता पाला. चैत्र लागला की मात्र फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेली फुलं येत, आणि वासानं आळीच्या तोंडाशीच माणूस थबकून विचारी, कुणाकडं लग्न आहे का.

हा गुलाब मुक्ताबाईच्या माहेरचा. मुळा नदीवर धरण व्हायचं ठरलं, गाव उठलं, तेव्हा तिच्या भावांनी घराची कौलं आणि दारं काढून बैलगाडीत भरली. मुक्ताबाईनं डालड्याच्या डब्यात एक फांदी लावून आणली. आता त्या घरावर चाळीस हात पाणी होतं.

म्हणूनच ती मागेल तिला काडी द्यायची. "एकाच जाग्यावर ठिवलं तर एका दिवशी जायाचं," ती म्हणे. "धा परसांत ऱ्हायला पायजे. माज्याकडं मेला तर दुसरीकडनं आनता येईल."

पेन्सिलीएवढी जाड काडी निवडायची, तिरपी कापायची, वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावायचा, हे सगळं ती स्वतः करी. पोचवायचं काम तिच्या लेकीचं, इजूचं. नववीतली विजयमाला काडी आत नेई, ओल्या फडक्यात गुंडाळी आणि दोन वेण्या उडवत पळत देऊन येई.

"फडकं कोमट लागतंय गं," त्या संध्याकाळी सुनीतीबाई म्हणाल्या.

"पळत आले ना बाई. हातच तापलेत माझे."

सुनीतीबाई हसल्या. पोरगी गोड होती. चैत्रभर ती रोज एक फूल शाळेत न्यायची. मोठ्या बाई ते टेबलावरच्या पेल्यात ठेवायच्या आणि प्रार्थनेआधी सगळ्या वर्गांसमोर विचारायच्या, "कुणाचं आज?" उत्तर त्यांना ठाऊक असायचं, तरी विचारायच्या. एरवी मागच्या बाकावर अंग चोरून बसणारी विजयमाला त्या महिन्यात मान ताठ करून चालायची.

सुनीतीबाईंची तिसरी काडीही गेली. आळीतल्या राहीबाईची गेली, गोजरबाईच्या दोन गेल्या. बायडाबाईनं तर दोन काड्या घालवल्यावर पाणवठ्यावर चारचौघींत विचारलं, "का गं मुक्ते, काडी देतीस का काडीवर मंतर घालून देतीस?"

बायका हसल्या. मुक्ताबाईही हसली. पण त्या दिवशी ती जेवली नाही.

"मी कदी कुनाला न्हाई म्हनले का, इजू?" तिनं विचारलं.

"नाही गं आई. त्यांनाच सांभाळता येत नाही. तुझ्यासारखा हात कुणाचाय?"

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. आळीतली विहीर आटली. मुक्ताबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी येई तेव्हा तळहात सोललेले असत. ते धुतलेलं पाणीही ती गुलाबाच्या बुडाशी ओती. विजयमालेनं अंघोळ एका तांब्यावर आणली आणि वाचलेलं पाणी झुडपाला घातलं. तरी संक्रांतीनंतर पाला गळाला आणि फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली आल्या.

माघात बुडाशी एकच फांदी हिरवी उरली.

"सुनीतीबाईंच्या आडाला आजून दोन घागरी पानी लागतंय," मुक्ताबाई म्हणाली. तिनं फांदी कापून लेकीच्या हातात दिली. "इजू, आता हीच. हिच्यामागं काय न्हाई."

विजयमाला काडी घेऊन आत गेली नाही. ती मुठीत धरून तशीच पळत सुटली.

सुनीतीबाईंनी काडी रांजणाच्या सावलीत लावली. विजयमाला रोज शाळा सुटली की आधी तिथं जाऊन उकिडवी बसे. बाराव्या दिवशी काडीवरचे दोन डोळे फुगले, त्यांना लाल टोकं आली. तिनं घरी जाऊन आईच्या गळ्यात हात टाकले. त्या रात्री मायलेकी पोटभर बोलल्या. पुढच्या चैत्रात नाही, त्याच्या पुढच्या चैत्रात फूल येईल, असा हिशोबही झाला.

पंचविसाव्या दिवशी ती टोकं सुकून गळाली.

मुक्ताबाई कामावरून परस्पर तिथं आली. तिनं बोटांनी माती उकरली. काडीला एकही मूळ फुटलं नव्हतं. फुगलेल्या डोळ्यांनी काडीतलाच होता नव्हता तेवढा रस ओढून घेतला होता.

"आईझाडातच जीव उरला नव्हता हो," सुनीतीबाई म्हणाल्या. "नाहीतर ही लागणारच होती. माझ्याकडच्या आधीच्या तिन्ही तर आठ दिवसांत काळ्याठिक्कर पडल्या. हिनं निदान डोळे तरी उघडले."

मुक्ताबाईनं ती काडी पदराला पुसली. मग लेकीला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"रडू नगं, इजू. नऊ वेळा पळालीस तू माज्या म्हायेरापायी. तू काय कमी केलंस?"

विजयमालेनं मान वर केली नाही. नऊ काड्यांतली ही एकच तिनं उकळत्या पाण्यात न बुडवता पोचवली होती.