बुद्धिबळाचं अ‍ॅप

नव्या कॉम्प्युटरवरचं अ‍ॅप स्टोअर काही केल्या बुद्धिबळाचं अ‍ॅप देईना, तेव्हा बाबांनी नाइलाजाने लेकीला फोन लावला. कॉम्प्युटर तिनेच आणून, सगळं सुरू करून दिला होता.

"बंद करून चालू करा," ती म्हणाली. केलं. "तारीख-वेळ बघा." बरोबर होती. इंटरनेटही धावत होतं.

"अगं, सारखा एक चौकोन येतो. मी आपला घालवून टाकतो."

"आता घालवू नका. वाचा."

बाबांनी चष्मा सावरला. "हे खातं लहान मुलाचं आहे. पालकांची परवानगी मागा." ते हसले. "डोकं फिरलंय याचं. मागू?"

"मागा."

त्यांनी बटण दाबलं. पलीकडे तिच्या फोनवर टिंग वाजलं.

"कुणाबरोबर खेळणार?"

"माझ्या मित्रांबरोबर. खोळंबलेत सगळे."

"त्यांच्या घरच्यांना मी ओळखत नाही."

बाबा चपापले. वाक्य त्यांचंच होतं. लेकीच्या सहली, नाटकं, पोहणं, सगळं त्यांनी याच वाक्यावर बुडवलं होतं. त्यानंतर आपण काय म्हणायचो, तेही त्यांना आठवलं. तरी त्यांनी विचारलंच, "मग देतेस ना परवानगी?"

"बघू," लेक म्हणाली.