थोरलीचं कार्ड

"पहिल्या वेळी कळा किती तास चालल्या?" सिस्टरनं विचारलं.

"सहा," तपासणीच्या टेबलावर आडवी झालेली धाकटी सून छताकडे बघत म्हणाली.

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. पोरगी अडखळली नव्हती.

धाकटीची ही पहिलीच वेळ. सहा तास लागले होते ते थोरल्या सुनेला. धाकटीला नुकतं सोळावं संपलेलं. खरं वय सांगितलं तर आधी दहा प्रश्न, मग दारात पोलीस. म्हणून सासूबाईंनी ट्रंकेतून थोरलीचं जुनं कार्ड काढलं आणि धाकटीला थोरलीच्या नावानं आणून उभी केली. वय वीस, एक मूल, सगळं ठीक. पहिलं माझ्या डोळ्यांदेखत झालं, असंही आल्याआल्या सांगून टाकलं. सिस्टर नवी, तिला काय कळतंय? आपल्या या हुशारीवर सासूबाई स्वतःच खूश होत्या.

सिस्टरनं पोट चाचपलं. परत चाचपलं.

"डोकं अजून वरच आहे. मूल थोराड वाटतंय आणि ही अंगानं एवढीशी. पहिलटकरीण असती ना मावशी, तर आत्ताच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात धाडली असती. मूल अडकलं तर इथं ऑपरेशन होत नाही. पण हिचं पहिलं सुखरूप झालंय. दुसऱ्या वेळेला डोकं उशिराच उतरतं. कळा आल्या की आणा."

"बरं," म्हणून सासूबाईंनी पिशवी उचलली. दाराशी गेल्या आणि पाय अडला.

सुखरूप झालं ते कुणाचं? थोरलीचं. ती आडव्या हाडाची, दाराएवढी. मग ही घरी निघाली ती कुणाच्या भरवशावर? डोक्यात नुसता गुंता झाला. पोलीस आठवले, मुलगा आठवला, पोरीचं ते वर राहिलेलं पोट दिसलं. आधी काय धरावं ते कळेना. आपला शब्द मागे कसा घेतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कधी वेळच आली नव्हती.

बाहेर मोठ्या दवाखान्याला जाणारी गाडी सुरू झाली.

"सिस्टर," त्या वळल्या. "ते कार्ड हिचं नाही. माझ्या थोरल्या सुनेचं आहे. ही सोळाची. पहिलटकरीण."

सिस्टरनं कपाळाला आठ्या घातल्या. "मावशी, मोठ्या दवाखान्यात जायला मिळावं म्हणून लोक मला रोज नवीन काहीतरी सांगतात. गाडीत एकच जागा उरलीय आणि बाहेर दुसरी बाई कळा देतेय. मघाशी तुम्हीच म्हणालात, पहिलं तुमच्या डोळ्यांदेखत झालं."

"खोटं बोलले. जळो माझं तोंड!"

"हिलाच विचारा. ही सांगेल तेच मी धरणार."

सासूबाई टेबलाशी गेल्या. धाकटीच्या केसांवरून त्यांनी हात फिरवला. आवाज कधी नव्हे तो मऊ झाला.

"खरं सांग गं बाळा. वय किती तुझं? कितवी वेळ?"

धाकटी एकदम सावध झाली. हा मऊ आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. गेले सहा महिने पीठ मळताना, कपडे वाळत घालताना सासूबाई असाच डोक्यावरून हात फिरवून अचानक विचारायच्या, आणि ती भोळेपणानं "सोळा" म्हणाली की कडाडायच्या, "फसलीस ना? मी विचारलं तरी सांगायचं नाही!" दर वेळी ती फसली होती. दर वेळी रडली होती.

आज ती फसली नाही.

"वीस. दुसरी वेळ," ती खणखणीत म्हणाली आणि वर आपल्या मनाचंही एक जोडलं, "आमच्या सासूबाईंचा हल्ली जरा गोंधळ होतो हो, सिस्टर."

आणि शाबासकीसाठी तिनं सासूबाईंकडे पाहिलं.