घाटातला हीटर

घाट सुरू झाला की ट्रक स्वतःच केबिनचा एसी बंद करायचा आणि हीटर लावायचा. इंजिनाची उष्णता ड्रायव्हरच्या अंगावर सोडली की इंजिन वाचतं, आणि बाहेर बावन्न अंश असताना कंपनीला इंजिनच महाग वाटायचं. गेल्या उन्हाळ्यात ट्रक चालवताना सिंधूआत्या अशीच उष्म्याने स्टिअरिंगवर कोसळली होती.

म्हणून तिच्या दहावीतल्या भाचीने, हर्षलाने, हीटरची नळी केबिनमागे बसवलेल्या जुन्या रेडिएटरला जोडली, त्याला दोन पंखे लावले आणि एसी बंद करणारी वायर सरळ कापून टाकली. आज आत्या अख्खा घाट चक्क गाणं म्हणत चढली!

वरच्या नाक्यावर गाड्या तपासणाऱ्या कंपनीच्या साहेबांना हीटरवरचं सील तुटलेलं दिसलं.

“कुणी केलं हे?”

“मी,” हर्षला म्हणाली. “काटा बघा, इंजिन जास्त तापलेलंच नाही.”

“नियम म्हणजे नियम. होतं तसं कर, नाहीतर गाडी जप्त.”

“करते की! पण मग पुढच्या घाटात गाडी तुम्ही चढवायची. आत्या शेजारी बसेल.”

“जीभ आवर, पोरी!”

“आमच्या घरात कुणाला आवरली नाही ती, साहेब,” म्हणत आत्याने किल्ली कमरेला खोचली.

मागच्या ट्रकमधून घामाने निथळणारा ड्रायव्हर उतरला. “माझ्या गाडीला बसेल का गं हे?”

“बसेल की, काका. पाना द्या.”

“तीही जप्त करीन!” साहेब ओरडले.

हर्षला तोवर त्या ट्रकवर चढली होती. “मग गाड्या लावायला मोठं मैदान बघून ठेवा, साहेब. मागे लाइन लागलीय.”